'करंट' खेळाच्या कामाच्या नोंदी

३ एप्रिल

खेळाचं नाव तूर्त 'करंट'. वरून दिसणारा, द्विमित, 'गोडो' या खेळ बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरवर. एक गाव, भोवती वावरं, मधून नाला, एका बाजूला डांबरी सडक. नायक कुठंही फिरू शकतो. कोणतं काम आधी, कोणतं मागून, ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. डीपीजवळच्या, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या, अपघातात त्याच्या अंगात करंट शिरला आणि मुक्कामालाच राहिला, एवढीच पूर्वकथा. ती याहून वाढवायची नाही. शक्ती कुठून आली हे सांगण्यात सुपरहिरोवाले खेळ सुरुवातीचा बराच वेळ घालवतात आणि पोरं तो सगळा वेळ बटण दाबून पुढं ढकलतात.

कोड माझा. चित्रं आत्याच्या मुलीची. ती अमरावतीला चित्रकला शिकते, सुट्टीत इकडे घाटंजीकडे आमच्या गावी आहे. टेस्टिंगला पुतण्या आणि त्याची टोळी. दुपारी लॅपटॉपला हात लावता येत नाही, त्यामुळे काम पहाटे नाहीतर रात्री.

पहिल्याच दिवशी वाद. पुतण्याला कोपऱ्यात चांगल्या-वाईटाचा मीटर हवा.

"काका, मीटर त पायजेच. त्याच्याबिगर समजन कसं का आपला हिरो चांगला हाय का बदमाश?"

आत्याची मुलगी म्हणाली, "दादा, त्याले मीटर दे. तू मंग बस काढत."

दिला. आधी चालवून पाहू.

७ एप्रिल

मीटर लावायचा तर आधी ज्यांनी लावला त्यांचं काय झालं ते नीट पाहिलं पाहिजे. सुरुवात अर्थातच 'इनफेमस'पासून. २००९, प्लेस्टेशन ३, सकर पंच स्टुडिओ. आमच्या नायकाचा थोरला भाऊच म्हणा: कोल मॅकग्रा, सायकलवरून पार्सलं पोचवणारा माणूस, स्फोटात सापडतो आणि अंगात वीज येते. खांबांतून, डब्यांतून, गाड्यांतून करंट ओढतो आणि लोकांवर फेकतो.

त्यात 'कर्मा'चा मीटर आहे. एका टोकाला निळी वीज, दुसऱ्या टोकाला लाल. मीटर जसा सरकेल तशी शक्तीची वाढीव रूपं उघडतात: चांगल्याची वेगळी, वाईटाची वेगळी. रस्त्यात पडलेल्या जखमीला बरं केलं की निळं, त्याच्याच अंगातला जीव शोषून स्वतःला भरलं की लाल. लोक एका बाजूला फोटो काढतात, दुसऱ्या बाजूला दगड मारतात. मधे मधे खेळ थांबतो, कोलच्या मनातला आवाज दोन पर्याय मांडतो आणि आपण एक निवडायचा.

पहिला असा थांबा अन्नाचा आहे. शहराची नाकेबंदी झालेली, विमानातून टाकलेली अन्नाची पेटी पुतळ्यावर अडकलेली. कोल ती खाली पाडतो. आता भुकेल्या लोकांना घेऊ द्यायचं, की झटके देऊन हाकलायचं आणि सगळं स्वतःसाठी नि दोन जवळच्या माणसांसाठी ठेवायचं? सुरुवातीला हा प्रसंग खरोखर चांगला वाटतो. मग लक्षात येतं की अन्न ठेवलं काय, वाटलं काय, पुढं कोलला भूकच लागत नाही. त्या पेटीचं खेळात काहीच मोल नाही, मोल आहे ते फक्त मीटरवरच्या गुणांना.

मोठा प्रसंग त्याच्या प्रेयसीचा, ट्रिशचा. एका इमारतीवर ती, दुसरीवर सहा डॉक्टर, वेळ एकाच बाजूला जाण्याइतका. डॉक्टर वाचवले तर ट्रिश मरते. ट्रिशकडे धावलो तर ती ट्रिश नसतेच, खरी त्या डॉक्टरांमध्ये होती. म्हणजे ती मरतेच. काही जण म्हणतात, ही फसवणूक झाली. मला तो पूर्ण खेळातला सगळ्यात प्रामाणिक क्षण वाटतो, कारण तिथं एकदाच मीटरपेक्षा शत्रूची चाल मोठी ठरते.

समीक्षकांनी खेळ उचलून धरला, परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर शंभरपैकी सरासरी ८५. कौतुक चढण्या-उतरण्याचं, विजेच्या खेळाचं, शहरभर मोकळं हुंदडण्याचं. आणि 'पण' बहुतेकांचा एकच: नैतिकता फार काळी-पांढरी. संत व्हा नाहीतर राक्षस, मधल्याला काही मिळत नाही.

९ एप्रिल

त्याच उन्हाळ्यात, काही आठवड्यांच्या अंतरानं, रॅडिकल एंटरटेनमेंटचा 'प्रोटोटाइप' आला. मॅनहॅटन, विषाणू, अ‍ॅलेक्स मर्सर. मीटर नाहीच. जीव कमी झाला की रस्त्यावरचा माणूस उचलायचा आणि गिळायचा. त्याचं रूपही घेता येतं. खेळ एका शब्दानं टोकत नाही. गुण 'इनफेमस'पेक्षा कमी पडले, ७८-७९च्या घरात. कथेबद्दल आणि दिसण्याबद्दल लोक नाराज होते. पण मला विचाराल तर अनीतीची जाणीव यातच जास्त होते. आधी शत्रू शोधून गिळता, मग घाईत जो हाताशी येईल तो, आणि थोड्या वेळानं तुम्ही गर्दीकडे पाहता ते जीव भरायचं दुकान म्हणून. हे सांगायला लाल रंगाची गरज पडली नाही.

आणखी एक टिपून ठेवतो. २००६चा 'सुपरमॅन रिटर्न्स'. सुपरमॅनला मारणार कोण, म्हणून त्यांनी जीवाची पट्टी शहराला दिली. मेट्रोपोलिसचं नुकसान वाढत गेलं की हार. खेळ म्हणून तो सपशेल पडला, तीच ती कामं पुन्हा पुन्हा. कल्पना मात्र सोन्यासारखी आहे. ज्याला काही होत नाही त्याचा हिशोब दुसऱ्याच्या अंगावर मांडायचा. ही मी उचलणार.

१४ एप्रिल

जयंती. रात्री उशिरापर्यंत मिरवणूक, काम बंद.

१७ एप्रिल

मीटरवाला बिल्ड, म्हणजे खेळाची चालती कच्ची प्रत, फोनवर टाकून पोरांना दिला. प्रसंग साधे: पडलेली म्हातारी, चोरीला गेलेली मोटारपंपाची केबल, नाल्यात अडकलेलं वासरू. प्रत्येकाला दोन बटणं.

पुतण्यानं एकही प्रसंग पूर्ण वाचला नाही. हिरवं बटण दिसलं की दाबलं. विचारलं तर म्हणतो, "पयल्या खेपेले सगळं हिरवं, दुसऱ्या खेपेले सगळं लाल. अर्धं-अर्धं केलं त पावर भेटत नाई ना."

म्हणजे निर्णय त्यानं खेळ सुरू व्हायच्या आधीच घेऊन टाकलाय. म्हातारी पडो की वासरू अडको, त्याला फरक नाही. बरं, तो चूक नाही. शक्ती टोकांना बांधली की मधे उभं राहणं हा तोट्याचा धंदा. 'इनफेमस'बद्दल समीक्षकांनी पानंच्या पानं लिहून जे म्हटलं ते या पोरानं ओट्यावर बसून एका वाक्यात सांगितलं.

त्याचा मित्र जास्त चलाख. म्हातारीला उठवून गुण घेतले, पुन्हा धक्का देऊन पाडलं, पुन्हा उठवलं. दहा मिनिटांत मीटर फुल. आत्याची मुलगी हसून हसून लोळली. मला त्यात अख्ख्या पद्धतीचा पंचनामा दिसला.

२१ एप्रिल

'इनफेमस २' २०११ मध्ये आला. दोन शेवट. तिसऱ्या भागाची गोष्ट कोणत्या शेवटावरून पुढं न्यायची हे ठरवताना स्टुडिओनं ट्रॉफ्यांचे, म्हणजे खेळात टप्पे गाठल्यावर मिळणाऱ्या बक्षिसांच्या नोंदींचे, आकडे पाहिले: ७८ टक्के खेळाडूंनी चांगला शेवट निवडला होता. तोच खरा धरून 'सेकंड सन' बनला, २०१४, प्लेस्टेशन ४, सिअ‍ॅटल शहर. धूर, निऑन, डोळे दिपवणारी चित्रं, मेटाक्रिटिक ८०. मीटर मात्र तोच, आणि या वेळी समीक्षकांचा सूर जास्त कंटाळलेला. पाच वर्षांत बाकी सगळं पुढं गेलं आणि कर्म जिथल्या तिथं.

त्यातली एक गोष्ट मला आवडली: निऑनची शक्ती असताना नेम धरून पायावर मारलं तर शत्रू जिवंत पकडला जातो, डोक्यावर मारलं तर मरतो. इथं खेळ थांबत नाही, बटणं येत नाहीत. घाईत नेम चुकतो आणि तोच तुमचा निर्णय होऊन बसतो. पायावर नेम धरणं अवघड, म्हणून चांगुलपणाला काही किंमत पडते.

त्याच वर्षी 'द अमेझिंग स्पायडर-मॅन २' आला आणि 'हिरो की उपद्रवी' नावाचा मीटर घेऊन आला. शहरात गुन्हे सतत उगवतात. गेलात तर नाव वाढतं, नाही गेलात तर घटतं, आणि घटलं की सशस्त्र दल मागं लागतं. गुन्हे इतके की माणूस नाव राखण्याच्या हमालीतच अडकतो, कथा राहते बाजूला. समीक्षकांनी धुतला, गुण पन्नाशीच्या आसपास. उलट २०१८चा इन्सोम्नियाक स्टुडिओचा 'स्पायडर-मॅन' बघा, मीटर काढूनच टाकला आणि ८७ मिळवले. पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, चांगलाच आहे, त्यात तुम्हाला विचारायचं काय? त्यावरही काहींनी नेमकं बोट ठेवलं: शहरभरच्या टेहळणी मनोऱ्यांना पोलिसांसाठी जोडून देणारा हा पोरगा क्षणभरही थांबून विचार करत नाही. मीटर नसला म्हणून नीतीचा प्रश्न जात नाही, तो समीक्षकाच्या टेबलावर जाऊन बसतो.

पुतण्याला सांगितलं, मीटर जाणार. दोन दिवस बोलला नाही.

२६ एप्रिल

आजची नोंद लांबणार.

आमच्या नायकाला करंट लागतो, तो कुठून घेणार? डीपीवरून. कोल मॅकग्रा हवा तिथून ओढतो आणि त्याचा हिशोब कुणाच्या घरात लागत नाही. आमच्या गावात लागतो. म्हणून लाईनमन काकांना चहाला बोलावलं आणि डीपी कशी चालते ते सगळं विचारलं.

वावरातली डीपी ६३ केव्हीएची धरू. पाच हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे साधारण पावणेचार किलोवॅट. कागदावर बारा-तेरा मोटरी निघतात. प्रत्यक्षात तारेवर आकडे टाकून चोरून चालवलेल्या धरून जास्तच असतात. पण खरी मेख वेगळीच. मोटर सुरू होताना पहिले काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. रात्रपाळीची लाईन असली की कोण रोज उठून वावरात जाईल? म्हणून प्रत्येकानं ऑटो स्विच लावलेला. थ्री फेज आली रे आली की सगळ्या मोटरी एका झटक्यात उठतात.

"मंग काय होते?"

"काय होते, ग्रीप जाते, म्हंजे फ्यूज उडते. नाई त दोन फेजवर मोटर गुरगुरते आन् जळते. लई झालं त डीपीच बसते. अन् डीपी बसली का दुसरी येईपर्यंत तुमचा भुईमूग देवाच्या भरोशावर."

काकांनी पेन मागून घेतला आणि माझ्या वहीत तीन रेघा काढल्या, एकीवर फुली. कोणत्या बाजूचे पंप आधी मरतात ते दाखवलं: लाईनच्या शेवटच्या टोकाचे. तिथं दाब आधीच कमी पोचतो. आणि शेवटच्या टोकाला कुणाची वावरं असतात हे या गावात कुणाला विचारावं लागत नाही.

माझ्या खेळाची नीती मला इथं सापडली. बटणं नकोत, आवाज नको. नायक डीपीवरून स्वतःला भरून घेतो तेवढा भार डीपीवर चढतो. दुपारी निवांत वेळी घेतला तर कुणाला पत्ता नाही. रात्री लाईन यायच्या क्षणाला घेतला तर टोकाचे पंप बंद. हाव केली तर डीपी जळणार आणि त्या डीपीखालची सगळी वावरं खेळातले कितीतरी दिवस कोरडी.

३ मे

डीपीचं मॉडेल बसलं. प्रत्येक वावराला ओलाव्याचा आकडा, प्रत्येक पंपाला डीपी आणि लाईनवरचं अंतर. भुईमुगाची चित्रं चार: हिरवा, मलूल, पिवळा, गेलेला. आत्याच्या मुलीनं मलूल पानं इतकी हुबेहूब काढली की आमच्या मोठ्या वडिलांनी स्क्रीनकडे पाहून विचारलं, "पाणी काऊन नाई दिलं?"

करंटाच्या आणखी जागा घातल्या. सौर पंपाची पाटी: फक्त दिवसा, आणि एकाच शेतकऱ्याचं पाणी जातं. सरपंचाच्या घरचा इन्व्हर्टर: कुणाचं पीक जात नाही, पण कुत्रा आहे. आकाशातली वीज: फुकट आणि भरपूर, मात्र वादळाची वाट पाहायची. कुणाकडून घ्यायचं हाच आता खेळाचा मुख्य प्रश्न झालाय, आणि तो एकदाही शब्दांत विचारलेला नाही.

९ मे

रानडुकरं घातली. त्यांच्यासोबत तारही आली.

हे आपल्याकडचं जुनं दुखणं. डुकरं आणि रोही रातोरात वावर साफ करतात. ज्याला झटका मशीन परवडतं तो ते लावतो, त्यात करंट ठोके देत येतो आणि जनावर दचकून पळतं. ज्याला परवडत नाही त्यातला एखादा आकडा टाकून कुंपणाच्या तारेत सरळ लाईन सोडतो. त्यात डुकरासोबत माणसंही गेली आहेत, वाघही. बेकायदा आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि जागल करून करून डोळे सुजलेल्या माणसासमोर ते बोलणं सोपं नाही.

खेळात नायकाला जिवंत तार निळसर दिसते. तोडली तर पीक जाईल. ठेवली तर पहाटे त्या पांदणीनं कुणीतरी येतं. कोण, ते रोज बदलतं. तिसरी गोष्ट मोहाची: त्या तारेतून फुकट करंट भरून घेता येतो, म्हणून ती तशीच राहावी असं नायकाला वाटू शकतं. एवढंच मी लिहिलं होतं.

पुतण्याच्या टोळीतली एक मुलगी, फार न बोलणारी, तिनं चौथी गोष्ट केली. डुकरं ठिणगीला घाबरतात हे मी साध्या हालचालीसाठी कोडमध्ये टाकलं होतं. तिनं तार तोडली आणि अख्खी रात्र नायकाला त्या वावराच्या धुऱ्यावर फिरवत ठेवलं. डुक्कर आलं की ठिणगी. सकाळ झाली तेव्हा नायकाच्या अंगात करंट शून्य, इतर सगळी कामं राहिलेली, भुईमूग शाबूत. विचारलं का केलंस, तर म्हणाली, "बाबा बी जातेत ना जागलीले."

पुतण्या म्हणाला, "याचे किती पॉइंट भेटले?" ती म्हणाली, "भेटले नाई." आणि दुसऱ्या वावराकडे निघाली.

१७ मे

नावलौकिकाचं काय, हा प्रश्न उरला होता. लोकांना काहीच वाटलं नाही तर गाव निर्जीव वाटतं. पण गावाचं एकच मत असा आकडा ठेवणं खोटं आहे. आमच्या गल्लीचं नि वरच्या आळीचं आजवर कशावर एकमत झालंय?

म्हणून प्रत्येक घराचं वेगळं मत. घटना घडली की कुणी पाहिली ते नोंदवलं जातं. पाहणारा पुढं जिथं थांबतो, म्हणजे पानठेला, पिठाची चक्की, हातपंप, तिथं ती गोष्ट शेजारच्याला जाते, आणि जाताना थोडी बदलू शकते. न पाहिलेलं चांगलं काम कुणाला कळत नाही. १९८५च्या 'अल्टिमा ४'मध्ये रिचर्ड गॅरियटनं एक आंधळा विक्रेता ठेवला होता. किती पैसे दिले ते तुम्हीच सांगायचं, तो विश्वास ठेवतो, आणि खेळ गुपचूप तुमचा प्रामाणिकपणा कमी करतो. चाळीस वर्षांपूर्वीची ती युक्ती अजून कुणी नीट मागं टाकलेली नाही. फरक इतकाच की तिथं खेळ सगळं पाहत होता. इथं पाहणारं गावच आहे, आणि गावाला अंधारातलं दिसत नाही.

लगेच तक्रार आली. एका पोराच्या खेळात डीपी ऑटो स्विचांनीच बसली, नायक नाल्यावर होता. तरी पानठेल्यावर गोष्ट झाली की करंटवाल्यानं जाळली.

"काका, म्या केलंच नाई तरी मलेच बोलून रायले. हे चीटिंग हाय."

चीटिंग नाही, ठेवणार. पण 'अमेझिंग स्पायडर-मॅन २'ची चूक नको, तिथं न केलेल्याचा भुर्दंड भरतच राहावं लागतं. इथं त्या घरी जाऊन बोलता येईल. एखादं घर ऐकेल, एखादं नाही. पोरगा फारसा खूश नाही.

२५ मे

बिल्ड नागपूरच्या एका मित्राला पाठवला. तो नोकरी सांभाळून खेळांची परीक्षणं लिहितो. त्याचं मत, थोडक्यात: डीपीची कल्पना पक्की, डुकरं झकास, पण शेवटी खेळणाऱ्याला आपण कसे वागलो ते समजत नाही, एक शेवटचा पडदा दे, हिशोब दाखव.

यावर बराच विचार केला. समीक्षकांचं एक मला नेहमी विचित्र वाटतं. मीटर असला की म्हणतात ढोबळ आहे, नसला की म्हणतात परिणाम दिसत नाहीत. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, म्हणूनच वैताग. तोडगा असा काढला: शेवटी पडदा येतो, त्यावर गावाचा नकाशा, प्रत्येक वावर जसं आहे तसं. कोणतं हिरवं, कोणतं पिवळं, कोणाची मोटर जळाली. रंगांची यादी नाही, बेरीज नाही, पदवी नाही. सुपरमॅनवाल्यांची शहराची पट्टी मी अशी वापरली.

पुतण्यानं नकाशा पाहिला आणि पहिल्यांदा मीटरचं नाव न काढता विचारलं, "हे पिवळं कोनाचं वावर हाय?" टोकाचं होतं. त्यानं परत सुरू केला.

७ जून

पहिला पाऊस. आकाशातल्या विजेचा आवाज फोनवर रेकॉर्ड करायला ओसरीत बसलो तर त्यात शेजारच्या बकरीचा आवाज आला. ठेवलाय.

पेरणीच्या गडबडीत टेस्टर कमी होणार, म्हणून मोठं काम आताच उरकतोय. राहिलेलं: साध्या फोनवर रात्रीच्या प्रसंगात खेळ अडखळतो, कारण प्रत्येक पंप प्रत्येक क्षणाला डीपीला भार विचारतो, तो हिशोब लाईन आली-गेली तेव्हाच करायचा. सरपंचाचा कुत्रा भिंतीतून चालतो. पुतण्याची नवी मागणी, नायकाला मोटारसायकल. आत्याची मुलगी म्हणते चित्र दोन दिवसांत देते, पण पेट्रोल कुठून येणार ते आधी ठरवा. आणि रानडुकरं पाऊस लागला की पानठेल्याच्या छपरावर चढतात. का चढतात ते अजून सापडलेलं नाही. पोरं म्हणतात, ते काढू नका.